नव्या गादीचा वास आणि बारा हजारांचं बजेट

शहाद्याहून एका ताईंनी विचारलंय: "मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला बालदमा आहे. गेल्या मे महिन्यात ऑनलाइन फोमची गादी मागवली. खोलीभर असा वास सुटला की आठव्या दिवशी परत पाठवली. आता पुन्हा घ्यायची आहे. पलंग 6 बाय साडेसहा फुटांचा, बजेट 12 हजार. ‘केमिकल-फ्री’ लिहिलेल्या गाद्या 30 हजारांच्या पुढे दिसतात. सासूबाई म्हणतात, घरचा कापूस आहे, गादी भरून घ्या. स्वस्तात बिनवासाची, बिनरसायनाची गादी कोणती घ्यावी?"

ताई, आमचं घर पिंजाऱ्याचं. आजोबा खांद्यावर धनुकली घेऊन चोपडा-यावलकडची गावं करायचे. वडिलांनी पिंजणयंत्र घेतलं. मी गेली 24 वर्षं कापसाच्या जोडीला फोम, काथ्या, लेटेक्स सगळंच कापतो, शिवतो. ऑनलाइन गाद्या मी विकत नाही, पण त्यातल्या पुष्कळ माझ्याकडे येतात. कुणाला लहान करून हवी असते, कुणाला खोळ बदलायची असते, कुणाची मधोमध बसलेली असते. त्या उसवल्या की आत काय भरलंय ते दिसतं. त्या अनुभवावर सांगतो. मुलाच्या दम्याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, हे आधीच मान्य करतो.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक वासाचा आणि दुसरा रसायनाचा. बहुतेक लोक हे दोन्ही एकच समजतात आणि तिथेच फसतात. वास आला म्हणजे विष आहे असं नसतं, आणि वास नाही म्हणजे निर्धोक आहे असंही नसतं. आग लागू नये म्हणून फोममध्ये घालतात त्यातल्या काही द्रव्यांना नाकाला कळेल असा वासच नसतो. उलट शंभर टक्के नैसर्गिक रबराच्या लेटेक्सला नवा असताना फुग्यासारखा वास चांगले काही आठवडे येतो. म्हणून वासाचा निकाल नाकाने, हवेने आणि दिवस देऊन लावायचा. रसायनाचा निकाल कागद बघून लावायचा.

आधी वास. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. पॉलिओल आणि आयसोसायनेट ही दोन द्रवं, थोडं पाणी आणि प्रक्रिया घडवणारी काही द्रव्यं एकत्र आली की मिनिटा-दोन मिनिटांत पाव फुगावा तसा ठोकळा फुगतो. आयसोसायनेट म्हटलं की लोकांना भोपाळ आठवतं. तिथला वायू त्याच कुळातला, पण वेगळा होता. कच्च्या द्रवाच्या रूपात हे आयसोसायनेट फार वाईट, कारखान्यातल्या कामगारांच्या छातीला त्याचा खरा धोका असतो. पण प्रक्रिया पुरी झाली की ते फोमच्या धाग्यातच बांधलं जातं. मात्र पुरी होऊ द्यावी लागते. ताजा ठोकळा आतून चांगलाच तापलेला असतो, तो किमान एक दिवस मोकळ्या जागेत मुरावा लागतो. मागणीचा जोर असला की घाईत कापतात, लगेच दाबून, हवा काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. जे वास चार दिवसांत शेडमध्ये उडून गेले असते ते तुमच्या बेडरूममध्ये उडतात.

दुसरा वास गोंदाचा, आणि माझ्या मते तोच जास्त उग्र. हल्लीच्या गाद्यांत तीन-तीन, चार-चार थर असतात. वर मऊ, मध्ये मेमरी, खाली कडक, असे. ते एकमेकांना चिकटवायला काही ठिकाणी पाण्यात बनलेला गोंद वापरतात, काही ठिकाणी थिनरसारखा वास मारणारा. उसवताना थर सोलले की कळतं, फोमला फारसा वास नसतो, पण जिथे गोंदाची पिवळी रेघ आहे तिथे नाक नेलं की भपकारा येतो. म्हणून माझा साधा नियम असा की जितके थर कमी तितका गोंद कमी, आणि वासही कमी. एकाच ठोकळ्यातून कापलेली गादी दिसायला साधी वाटते, पण वासाला ती सगळ्यात सोपी.

आणि तुम्ही मागवली मे महिन्यात. आपल्याकडे पारा 45 पार जातो तेव्हा गोदाम, ट्रक, कुरिअरचं पत्र्याचं शेड हे सगळं भट्टीसारखं असतं. उष्णतेत उडणारी द्रव्यं जोरात बाहेर पडतात. त्यात उन्हाची तिरीप नको म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो. तीच गादी तुम्ही मार्गशीर्षात मागवली असती, खिडक्या उघड्या ठेवून चार दिवस टेकवून ठेवली असती, तर कदाचित परत पाठवायची वेळ आली नसती. गादी चांगली होती की वाईट हे मला इथून सांगता येणार नाही, पण वेळ नक्की वाईट होती.

अजून एक गोष्ट तपासा: वास खरंच गादीचाच होता का? अमळनेरचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. सहा महिन्यांत दोन गाद्या बदलल्या तरी डोळे चुरचुरतात, म्हणाले. मी घरी गेलो. गादी बाहेर ओट्यावर काढून टेकवली, अर्ध्या तासाने नाक लावलं, काहीच नाही. मग दिवाणाची फळी उचलली. आतून असा झोत आला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नवा दिवाण होता, हलक्या प्लायचा. हलक्या प्लायच्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते कापलेल्या, उघड्या कडांतून महिनोन्‌महिने झिरपत राहतं. वर गोधड्यांच्या घड्यांत मूठभर डांबरगोळ्या टाकलेल्या. गुरुजींच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी त कव्हयनी सांगस, हाऊ गादीना वास नही." (मी तर कधीची सांगतेय, हा गादीचा वास नाही.) त्यांचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर होतं. गोळ्या काढल्या, दिवाण दोन आठवडे उघडा ठेवला, आतल्या उघड्या कडांना सुताराकडून सनमायका-पॉलिश करून घेतलं, फळ्यांना हवेसाठी भोकं पाडली. गादी तीच ठेवली.

डांबरगोळ्यांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण लहान मूल आहे. त्या बहुधा नॅप्थलिनच्या असतात. ज्या मुलांच्या रक्तात जी-6-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलिनने फुटू शकतात, आणि ही कमतरता तपासल्याशिवाय कळत नाही. गादी हजार वेळा पारखून घ्यायची आणि तिच्याखालीच गोळ्या टाकायच्या, असं करू नका. कडुनिंबाचा वाळवलेला पाला घाला आणि वर्षातून दोनदा दिवाण रिकामा करून पुसा.

आता रसायन. ‘केमिकल-फ्री’, ‘नॉन-टॉक्सिक’, ‘इको’, ‘ऑर्थो’ हे शब्द विक्रीचे आहेत. ते छापण्याआधी कुणी काही तपासलंच असेल असं नाही. त्यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कुणी तपासलं आणि काय तपासलं, एवढंच विचारा.

फोमसाठी सर्टिपूर-यूएस नावाचं प्रमाणपत्र असतं. त्यात फोममधून खोलीच्या हवेत उडणारी द्रव्यं दहा लाखांत अर्ध्या भागापेक्षा कमी असावी लागतात. शिसं, पारा, फॉर्मल्डिहाइड आणि आग रोखणाऱ्या काही घातक द्रव्यांना बंदी असते. पण हे प्रमाणपत्र फक्त फोमचं आहे. वरचं कापड आणि मधला गोंद त्यात येत नाही. कापडासाठी ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 बघा. त्यात चार वर्ग असतात. पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंसाठी सगळ्यात कडक, दुसरा अंगाला लागणाऱ्या कापडांसाठी. तुमच्यासाठी दुसरा पुरतो, पहिला मिळाला तर उत्तमच. त्यावर नंबर असतो आणि तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. नुसतं चिन्ह छापलंय आणि नंबर नाही, तर विक्रेत्याला नंबर मागा. दिला नाही तर ते चिन्ह नाही असंच धरा. आपल्याकडे भारतीय मानकंही आहेत, घरगुती गादीच्या फोमसाठी आयएस 7933 आणि रबर मारलेल्या काथ्यासाठी आयएस 8391. ही मानकं मुख्यतः टिकाऊपणाची, वासाचा भरवसा त्यांतून मिळत नाही.

इंटरनेटवर वाचलेला बराचसा धसका अमेरिकेतला असतो, हेही लक्षात घ्या. तिथे 2007 पासून प्रत्येक गादीला उघड्या ज्वाळेची परीक्षा द्यावी लागते. म्हणून तिथल्या गाद्यांत आग रोखणारा एक थर घालतात आणि स्वस्त गाद्यांत तो काचतंतूंचाही असतो. खोळ काढली की ते तंतू घरभर उडाल्याच्या कहाण्या तिथल्याच. माझ्याकडे उसवायला आलेल्या इथल्या गाद्यांत मला काचतंतू सापडलेले नाहीत. तरीही आयात केलेली गादी असेल तर लेबलवर आतल्या खोळीत काय आहे ते वाचा, आणि "खोळ काढू नये" असं लिहिलं असेल तर खरंच काढू नका.

मग कुठला माल घ्यावा? इथे आपल्या हवेचा विचार पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा करावा लागतो.

मेमरी फोम तुमच्यासाठी नको. तो अंगाच्या उष्णतेनेच मऊ होतो आणि अंगाभोवती बसतो. वैशाखात रात्रीसुद्धा भिंती गरम असतात तेव्हा त्याच्यावर झोपलेला माणूस पाठीने घामाघूम होतो. वासही साध्या फोमपेक्षा जास्त. कात्रणं चिकटवून केलेला रीबॉन्डेड फोम दुसरा. रंगीबेरंगी तुकडे दिसतात तो. कडक असतो म्हणून ‘ऑर्थो’ नावाने विकतात. तो सगळाच गोंदाने धरलेला असतो आणि कात्रणं कुठकुठल्या फोमची हे कुणालाच माहीत नसतं. धडधाकट माणसासाठी मी तो विकतो, दम्याच्या मुलासाठी विकत नाही. काथ्याची गादी हवेशीर असते, पाठीला बरी असते, पण जुनी झाली की काथ्या मोडून भुसा पडतो आणि ओल लागली की कुबट वास धरते. लेटेक्स चांगलं, पण डबल बेडची लेटेक्सची गादी तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट जाते. स्वस्तात ‘नॅचरल लेटेक्स’ दिसलं तर त्यात नैसर्गिक किती आणि कृत्रिम रबर किती ते विचारा. बहुतेक वेळा एक इंच लेटेक्स आणि खाली साधा फोमच असतो.

उरतो साधा, चांगल्या डेन्सिटीचा पॉलियुरेथेन फोम. 12 हजारांत हाच बसतो आणि नीट निवडला तर त्यात कमीपणा काही नाही.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती डेन्सिटी. मऊ फोमही 40 चा असू शकतो आणि कडक फोम 20 चा. 20 चा फोम वर्षा-दोन वर्षांत खड्डा धरतो, 32 चा बरीच वर्षं टिकतो. साइटवर "हाय डेन्सिटी" एवढंच लिहिलेलं असतं, आकडा नसतो. तेव्हा वजन बघा, ते पाठवणीच्या माहितीत बहुधा सापडतं. हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी, जाडी इंचांत घेऊन गुणा आणि 61,024 ने भागा, घनमीटर निघतात. तुमची गादी 78 बाय 72, जाडी 6 इंच. गुणाकार 33,696. भागिले 61,024, म्हणजे साधारण 0.55 घनमीटर. 32 डेन्सिटी असेल तर नुसत्या फोमचं वजन साडेसतरा किलोच्या पुढे यायला हवं. खोळीचे दोन-तीन किलो वेगळे. साइटवर सगळी गादी 13 किलो दिसली तर आत 20 च्या आसपासचाच फोम आहे, मग वर काहीही लिहिलेलं असो.

वजनातही एक खोट असते. स्वस्त फोमला जड करायला काही जण त्यात खडूची पावडर घालतात. गादी आली की खोळीची साखळी (चेन) उघडून फोमच्या कडेला अंगठ्याने जोरात घासा, हाताला पांढरी पूड लागली तर परत करा. असा फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतो, आणि तो भुगा दम्याच्या मुलाच्या नाकाखाली नको. अनेक थरांच्या गादीत हा वजनाचा हिशोब चालत नाही, कारण कात्रणांचा एक थर सगळं वजन भरून काढतो. एकाच ठोकळ्याची गादी घ्या म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा, फोनवर नको. फोमची डेन्सिटी किती? थर किती? थर कशाने चिकटवलेत? प्रमाणपत्राचा नंबर काय? खोळ काढून धुता येते का? आणि शहाद्याच्या पिनकोडवरून परत न्यायला तुमचा माणूस येतो का? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा. 100 रात्री वापरून बघा म्हणणाऱ्यांच्या अटी वाचल्या तर काही ठिकाणी आधी अमुक रात्री वापरलीच पाहिजे असं असतं, काही ठिकाणी डाग पडला तर परत घेत नाहीत, आणि तळोदा-धडगावकडे तर "तुमच्या भागातून उचलण्याची सोय नाही" असं नंतर सांगतात. 20 किलोची फुगलेली गादी परत गुंडाळता येत नाही. एकदा अक्कलकुव्याचा एक मुलगा ती छोटा हत्तीवर घालून नंदुरबारपर्यंत आणत होता, भाड्यातच अर्धी सवलत गेली. उत्तरांचे स्क्रीनशॉट ठेवा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साइटवर असावं लागतं, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

मागवायची दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत. खोकं आलं की उत्पादनाचा महिना बघा. फार ताजी नको असं मी सांगतो तेव्हा लोकांना नवल वाटतं, पण फार जुनीही नको. सहा-आठ महिने आवळून पडलेला फोम कडांना पुरता फुगत नाही, हे मी पाहिलंय.

गादी घरात आणून लगेच पलंगावर टाकू नका. प्लास्टिक ओसरीत किंवा गच्चीच्या जिन्यात, सावलीत काढा. मुलाला त्या वेळी घरात दुसरीकडे ठेवा. आपल्याकडची सुतळीची बाज असेल तर तिच्यावर टाका, खालून वरून हवा लागते. नसेल तर भिंतीला उभी टेकवून दर सकाळी कुस बदला. खोळीला साखळी असेल आणि काढायची परवानगी असेल तर खोळ काढून धुऊन वाळवा, तेवढ्यानेच बराच वास कमी होतो. ऊन मात्र दाखवू नका. कापसाच्या गादीला ऊन म्हणजे औषध, पण फोम आणि लेटेक्स उन्हाने पिवळे पडतात आणि भुरभुरतात. अत्तर, स्प्रे, अगरबत्ती, धूप यांतलं काही नको. वासावर वास घातला तर मुलाच्या छातीवर ओझं दुप्पट.

थंडीत चार-पाच दिवस पुरतात, हट्टी गादीला दहा-बारा लागतात. वास गेला की नाही हे ठरवताना स्वतःच्या नाकावर विसंबू नका, दोन दिवसांत नाक सरावतं. दुपारी गादी एका खोलीत ठेवून चार तास दार-खिडकी बंद ठेवा आणि मग बाहेरून आलेल्या शेजारणीला दार उघडायला सांगा. ती दारातच थबकली तर अजून वेळ द्या. तीन आठवड्यांनीही थबकत असेल तर परत करा, पण परतीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पावसाळ्यात पुन्हा वास आला तर तो बहुधा रसायनाचा नसतो, बुरशीचा असतो. एप्रिल ते जून आपला कूलर रात्रभर ओली हवा खोलीत सोडतो. गादीखाली सपाट प्लायची फळी, हवा जायला जागा नाही. ती ओल फोमच्या पोटात बसते आणि आषाढात कुबट वास मारते. दम्याला नव्या फोमच्या वासापेक्षा हा वास वाईट, कारण बुरशी आणि धुळीतले बारीक किडे दोन्ही ओलीवर वाढतात. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा, दिवसा कूलर बंद करून गादी तासभर उभी करा, चादरी-खोळी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा.

थोडक्यात, 12 हजारांत तुमच्यासाठी माझी निवड: एकाच ठोकळ्याचा 32 किंवा जास्त डेन्सिटीचा साधा फोम, पाच किंवा सहा इंच, फोमचं आणि कापडाचं नंबर असलेलं प्रमाणपत्र, धुता येणारी सुती खोळ, हिवाळ्यात मागवलेली.

आता सासूबाईंचा कापूस. त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका, त्यात दम आहे. पण कापूस म्हणजे आपोआप बिनरसायनाचा, असंही नाही. बाजारातल्या स्वस्त कापसाच्या गाद्यांत पुष्कळदा गिरणीतलं वेस्ट किंवा जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून भरलेल्या असतात. हात घातला की राखाडी-निळसर दिसतं, मशिनच्या तेलाचा वास येतो. तुमच्याकडे शेतातला कापूस आहे, म्हणजे माल काय ते डोळ्यांसमोर आहे. क्विंटलभर कापसातून जिनिंगनंतर, म्हणजे सरकी वेगळी केल्यावर, साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. मुलाच्या एकट्याच्या गादीला 10 ते 12 किलो रुई लागते, म्हणजे घरच्या 35 किलो कापसात काम होतं. फवारणीनंतर लगेच वेचलेला कापूस घेऊ नका. पहिल्या वेचणीचा, पांढरा, कवडी (किडका, पिवळट कापूस) नसलेला घ्या आणि भरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात पसरा.

कापसाची एक अडचण दम्याच्या घरात खरी आहे: धूळ. पिंजताना तंतू उडतात, आणि दोन-तीन वर्षांनी गठुळ्या झाल्या की पुन्हा पिंजावी लागते. म्हणून पिंजाई घरात किंवा अंगणात करू नका, पिंजाऱ्याकडेच करून घ्या आणि मुलाला तिकडे नेऊ नका. वर घट्ट विणीचं गादीपाट लावा, सैल विणीतून तंतू बाहेर येतात. गादीपाट शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, कांजी आणि रंगाचा वास निघून जातो. टाके वीतभर अंतरावर घालायला सांगा, रुई सरकत नाही. आणि आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी तीन-चार तास ऊन. आपल्या खानदेशात तेवढं ऊन फुकट आहे.

माझ्या घरात हाच प्रश्न असता तर मी मोठ्या पलंगाला फोम घेतला असता आणि मुलासाठी तीन इंचांची घरच्या रुईची वेगळी गादी भरली असती. उन्हाळ्यात ती गच्चीवर नेता येते, सकाळी तिथेच उलटून ऊन देता येतं, आणि मूल मोठं झालं की तीच रुई पिंजून, थोडी भर घालून मोठी करता येते. सासूबाईंना सांगा, कापूस विकायला द्यायच्या आधी 35 किलो बाजूला काढून ठेवा. पिंजाऱ्याकडे भरायला दिली की भरून होईपर्यंत कुणीतरी घरचं माणूस तिथे बसा. आजोबा गिऱ्हाइकाला स्वतःच बसवून घ्यायचे, खोळीचं तोंड शिवण्याआधी त्याचा हात कोपरापर्यंत आत घालायला लावायचे आणि मगच दाभण उचलायचे. तुम्हीही चारही कोपऱ्यांत हात घालून बघा.